ताठ बांगडा

मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी होड्या लागताना ज्यांनी मासळी घेतली आहे, त्यांना तिथला वास सांगायला नको. डिझेल, वितळता बर्फ, ओली जाळी, आणि या सगळ्याच्या खालून येणारा खारट, उग्र दर्प. मागच्या थंडीत रत्नागिरीला गेले होते तेव्हा एका मावशींनी टोपलीतला बांगडा डोक्याकडून दोन बोटांत धरला आणि माझ्यापुढे आडवा केला. मासा आडवाच राहिला. शेपटी तसूभरही खाली आली नाही. "हातात घेऊन बघा ताई, वाकला तर पैसे देऊ नका." मी घेतला. थंडगार, निसरडा, पाठीवरचे निळसर-हिरवे पट्टे अजून चमकत होते, आणि कातडीखालचं सगळं मांस घट्ट आवळलेलं. मग त्यांनी बाजूच्या टोपलीतला आदल्या दिवशीचा बांगडा तसाच धरून दाखवला. तो मधोमध वाकला, शेपूट लोंबायला लागली. "पाण्यातून काढल्या काढल्या मऊच असतो," मावशी म्हणाल्या, "मग ताठतो. मग परत मऊ पडतो. दुसऱ्यांदा मऊ पडलेला घ्यायचा नाही."

मासे घेतले, पैसे दिले, रिक्षात बसले. पण मावशींचं बोलणं काही डोक्यातून जाईना. ताठपणा म्हणजे ताकद आणि सैलपणा म्हणजे ताकद गेली, असंच आपण धरून चालतो. मूठ आवळायला जोर लागतो, उघडायला काय लागतं? दिवसभर राबलेला माणूस रात्री आडवा झाला की त्याचे हातपाय सैल पडतात. झोपलेलं मूल खांद्यावर घेतलं की ते सैल, जड लागतं. मग ज्याचा जीव गेला, ज्याच्याकडे खर्चायला काही उरलं नाही, तो मासा ताठ का? सगळ्यात सैल तर त्यानं असायला हवं.

आणि रिक्षातच आजी आठवली.

आजी गेली ती तिन्हीसांजेला, माजघरात. मी तेव्हा शाळेत होते. शेजारच्या काकी सगळ्यांत आधी आल्या. रडणं, बोलणं नंतर. त्यांनी प्रथम आजीचे डोळे मिटले, पंचाची पट्टी फाडून हनुवटीखालून नेली आणि डोक्यावर गाठ मारली, पायाचे अंगठे एकमेकांना बांधले, आणि दोन्ही हात कोपरात सरळ करून अंगालगत ठेवले. "आत्ताच करायला हवं गं, मग वळत नाहीत," त्या आईला म्हणाल्या. काका मुंबईहून रात्रीच्या एसटीनं येणार होते, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं होतं. सकाळी अंघोळ घालताना मी दाराआडून पाहिलं. बायकांनी आजीचा हात मनगटाला धरून उचलला, तर तो खांद्यापासून एकसंध वर आला. शेवटच्या दोनएक वर्षांत याच हातातून पाण्याचं भांडं निसटायचं. खोवणीवर नारळ धरवत नाही म्हणून ती चिडायची. आणि आता तोच हात कुणाला वळवता येत नव्हता. मला भीती वाटली, आणि त्या भीतीत एक वेडी आशा मिसळलेली होती, की आजीत अजून जोर आहे, तिनं काहीतरी घट्ट धरून ठेवलंय. कुणाला विचारलं नाही. अशा घरात त्या दिवशी मुलं प्रश्न विचारत नाहीत.

पुण्याला परतल्यावर एमएस्सीच्या वेळची पुस्तकं काढली. स्नायूंवरची प्रकरणं तेव्हा परीक्षेपुरती वाचली होती; आता आजीसाठी वाचली.

हाडांना जोडलेला कुठलाही स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्या धाग्यावर आडवे पट्टे दिसतात, गडद-फिका, गडद-फिका. पट्ट्यांचं हे एक-एक घर सुमारे अडीच मायक्रॉन लांबीचं, म्हणजे एक सेंटिमीटर धाग्यात अशी चारेक हजार घरं ओळीनं लागलेली. गडद भागात मायोसिन नावाच्या प्रथिनाचे जाड तंतू, आणि त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी घुसलेले ॲक्टिनचे बारीक तंतू. स्नायू आखडतो तेव्हा आत काय होतं, यावर पूर्वीच्या बहुतेकांचं मत असं होतं की ही प्रथिनं स्वतःच दुमडतात, आक्रसतात. १९५४ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध पाठोपाठ छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. आडनाव एक, पण दोघा हक्सलींचं नातं काही नाही. एकानं बेडकाच्या जिवंत धाग्यावर काम केलेलं, दुसऱ्यानं सशाच्या स्नायूवर, आणि निष्कर्ष एकच: घर आखूड होतं, पण गडद पट्ट्याची लांबी तेवढीच राहते. म्हणजे तंतू आक्रसत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात, एकमेकांत आणखी आत घुसतात.

हे सरकणं डोळ्यांपुढे आणायला मला कोकणातच यावं लागलं. किनाऱ्यावर रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबच लांब जाळं, त्याची दोन टोकं दोन बाजूंना, आणि दोरावर माणसांची रांग. प्रत्येक जण दोर धरतो, अंग मागे टाकतो, पावलं वाळूत रुततात, जाळं वीतभर आत येतं. मागे सरकत सरकत रांगेच्या शेवटाला पोचलेला माणूस दोर सोडतो, पुढे पाण्यापाशी जातो आणि पुन्हा पहिल्यापासून धरतो. कुणी ना कुणी सोडत असतो, पण सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून जाळं मागे जात नाही. मायोसिनच्या एका जाड तंतूवर अशी तीनेकशे डोकी असतात. प्रत्येक डोकं ॲक्टिनला चिकटतं, मान वळवून त्याला काही नॅनोमीटर ओढतं, सुटतं, पुन्हा ताणून बसतं आणि थोडं पुढे जाऊन चिकटतं. एवढंच. चहाचा कप उचलणं काय, वीटभट्टीवर विटांची पाटी डोक्यावर घेणं काय, आत चालतं ते हेच.

आता या फेऱ्यात ऊर्जा नेमकी कुठे लागते? कुणालाही वाटेल, ओढताना. मीही पान उलटताना तेच धरून चालले होते. पुस्तकातला क्रम असा आहे: ओढून झालेलं डोकं ॲक्टिनला घट्ट चिकटलेलं राहतं. त्याला आपणहून सुटता येत नाही. एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक ताजा रेणू येऊन त्या डोक्यात बसतो तेव्हाच पकड सुटते. सुटल्यावर तो एटीपी फुटतो, त्यातल्या ऊर्जेवर डोकं पुन्हा ताणलं जातं, आणि पुढच्या वेळी चिकटल्यावर ती साठवलेली ऊर्जा ओढण्यात खर्च होते. म्हणजे ओढ बसते त्या क्षणी नवं काही आणावं लागत नाही, ते आधीच भरून ठेवलेलं असतं. दाराशी ताजा एटीपी हवा असतो तो सोडण्यासाठी. शिवाय स्नायूला आखडण्याचा हुकूम मिळतो तो कॅल्शियममधून. मज्जातंतूचा इशारा आला की पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर सांडतं आणि ॲक्टिनवरच्या जागा उघडतात. बाहेर सांडायला काही खर्च नाही, ते उतारावरून आल्यागत येतं. पण स्नायू सैल करायचा तर तेच कॅल्शियम चढावर परत कोठारात भरावं लागतं, आणि त्या पंपाला पुन्हा एटीपी.

श्वास थांबला की एटीपी बनणं आटत जातं. कोठारातून कॅल्शियम झिरपतं, जागा उघड्या पडतात, डोकी चिकटतात, आणि चिकटलेलीच राहतात. दोन-तीन तासांत जबड्यापासून सुरुवात होते, मग मान, हात, पाय. बारा तासांच्या सुमाराला सगळं अंग. काकींना यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं, पण त्यांना वेळ ठाऊक होती. पुढे दिवस-दीड दिवसानं ताठपणा जातो, कोकणातल्या उकाड्यात आणखी लवकर. पण तेव्हा पकड सुटलेली नसते. पेशीतलीच विकरं (एन्झाइम) तंतूंच्या बांधणीला कातरतात आणि सगळं विस्कटतं. मावशींचा दुसऱ्यांदा मऊ पडलेला मासा तो हा.

आजीनं काही धरून ठेवलं नव्हतं. सोडायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले. वाईट वाटलं, कारण लहानपणची ती वेडी आशा इतकी वर्षं कुठेतरी तशीच असावी. आणि बरंही वाटलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

एटीपीशी माझी जुनी ओळख होती, पण ती वेगळ्या बाजूनं. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आम्ही फॉस्फरस मोजायचो. नमुन्यात मोलिब्डेट घालायचं, मग दुसरं अभिकारक, आणि परीक्षानळीत निळा रंग चढत जायचा. जितका निळा गडद तितकं फॉस्फेट जास्त. या पद्धतीचं नाव फिस्के-सुब्बाराव. त्यातले सुब्बाराव म्हणजे यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. १९२२ च्या सुमाराला अमेरिकेत बोस्टनला पोचले, पोटासाठी हॉस्पिटलात रात्रपाळीची हलकी कामं केली, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर स्नायूतलं फॉस्फेट मोजायला लागले. स्नायूच्या नमुन्यात त्यांना एक खोट दिसली. निळा रंग एकदम चढायच्या ऐवजी हळूहळू वाढत राहायचा. दुसरं कुणी असतं तर अभिकारक खराब झालंय म्हणून बाटली बदलली असती. या दोघांनी तो उशीर धरून ठेवला. नमुन्यात फॉस्फेटला कशाशी तरी सैलसर बांधून ठेवलेलं आहे आणि आम्लात ते सावकाश सुटतंय, असं त्यांनी ताडलं, आणि १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन जगापुढे ठेवलं. १९२९ मध्ये त्यांनी स्नायूतून एटीपी वेगळं काढलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं.

फॉस्फोक्रिएटिन म्हणजे स्नायूची कनवटीला बांधलेली चिल्लर. एटीपीचा प्रत्यक्ष साठा इतका थोडा, की जोरानं धावत सुटलं तर दोन-तीन सेकंदांत संपावा. पण तो संपत नाही, कारण फॉस्फोक्रिएटिन आपलं फॉस्फेट देऊन वापरलेलं एटीपी तिथल्या तिथे पुन्हा भरून देतं, आणखी आठ-दहा सेकंद तरी. शंभर मीटरची शर्यत त्यातच आटोपते. त्यापुढे ग्लायकोजेन फोडून साखर जाळायची, प्राणवायूशिवाय घाईघाईनं, ज्यात एका ग्लुकोजमागे फक्त दोन-तीन एटीपी निव्वळ हाती येतात. किंवा सावकाश, प्राणवायूसह, तंतुकणिकांमध्ये (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांत), ज्यात तिसेक मिळतात. अंगात एका वेळी असलेलं सगळं एटीपी जेमतेम शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, पण तेच इतक्या वेळा मोडून पुन्हा घडवलं जातं की दिवसाकाठी आपण जवळजवळ आपल्या वजनाइतकं एटीपी फिरवतो. माझा भाचा जिमला जातो. त्याच्या कपाटात क्रिएटिनचा मोठा डबा आहे, रोज चमचाभर पाण्यातून. त्याला मी सुब्बारावांचं सांगितलं तेव्हा त्यानं डबा हातात घेऊन लेबल उलटसुलट पाहिलं. नाव अर्थातच कुठे नव्हतं.

सुब्बारावांबद्दल मला फार वाटतं. हार्वर्डनं त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली कंपनीत गेले, आणि तिथे त्यांच्या गटानं फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलं, कर्करोगावरच्या मेथोट्रेक्सेटकडे नेणारं काम केलं, हत्तीरोगावरचं डायएथिलकार्बामॅझिन आणलं. गडचिरोली-चंद्रपूरकडे घरोघर जाऊन आशाताई समोर उभं राहून ज्या डीईसीच्या गोळ्या खायला लावतात, त्या त्याच. १९४८ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर थोड्याच वर्षांत, ते गेले. भारतात परतले नाहीत. १९९५ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. एटीपी म्हटल्यावर दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला 'पेशीचं ऊर्जाचलन' एवढं पाठ असतं. ते स्नायूतून पहिल्यांदा बाहेर काढणाऱ्यांत एक आंध्रातला माणूस होता, हे एक वाक्य पुस्तकात बसायला काय हरकत होती?

स्नायू आणि एटीपी यांची गाठ प्रत्यक्ष पाहिली ती हंगेरीत, सेगेड गावी, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना. आल्बेर्ट सेंट-ग्योर्गी यांना आधीच १९३७ चं नोबेल मिळालं होतं. याच सेगेडच्या लाल मिरचीतून त्यांनी क जीवनसत्त्व किलोवारी काढलं होतं. आता ते मायोसिनच्या मागे लागले होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी ॲक्टिन वेगळं केलं. दोन्ही प्रथिनं मिसळून त्यांचे बारीक धागे काचेवर काढले, आणि त्यावर एटीपी आणि क्षार घातले. धागे आखडले. पेशी नाही, मज्जातंतू नाही, रक्त नाही, जीव म्हणावं असं काहीच नाही, आणि तरी काचेवरचा धागा हालला. आयुष्यभराच्या संशोधनात इतका थरार कधी वाटला नव्हता, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. त्याच प्रयोगशाळेत एर्डश यांनी १९४३ मध्ये दाखवलं की मेलेल्या स्नायूचा ताठपणा त्यातलं एटीपी जसजसं संपतं तसतसा वाढत जातो. बाहेर युद्ध, नाझींविरुद्धच्या खटपटींमुळे खुद्द सेंट-ग्योर्गींना गेस्टापोपासून लपून राहावं लागलं, आणि आत कुणीतरी सशाच्या स्नायूचा ताठपणा मोजत बसलेलं. अशा माणसांविषयी वाचताना मला फक्त आदर वाटतो.

स्नायू दुखण्याबद्दलचा एक समज मात्र याच इतिहासातून आपल्यापर्यंत गळत आलेला आहे आणि जाता जात नाही. सिंहगड चढून आतकरवाडीच्या वाटेनं उतरलं की खाली येईतो मांड्या लटपटायला लागतात. दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं, तिसऱ्या दिवशी जिना उतरणं मुश्कील, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं त्याहून. ग्रुपमधला कुणीतरी जाणता सांगतो, "लॅक्टिक ॲसिड साठलंय, होईल कमी." शंभर वर्षांपूर्वी हा विचार अगदी वरच्या पातळीवरचा होता. ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं ते स्नायूतली उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांच्या अभ्यासासाठी, आणि हे आम्लच स्नायूला आखडायला लावतं असं तेव्हा मानलं जात होतं. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी आयोडोॲसिटेट देऊन लॅक्टिक आम्ल बनण्याची वाटच बंद केली. स्नायू तरीही आखडत राहिला. फॉस्फोक्रिएटिन संपेपर्यंत आखडला, आणि मग ताठ होऊन थांबला. मिरकरवाड्याच्या बांगड्यासारखाच. हिल यांनी हा धक्का मोकळ्या मनानं मान्य केला. ज्या कल्पनेवर आपली उभी हयात गेली ती एका तरुणानं मोडली, आणि ते जाहीरपणे म्हणायचं, याला मोठं मन लागतं.

लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचंच शरीरातलं रूप, तर व्यायामानंतर तास-दीड तासात रक्तातून साफ होतं. हृदय ते आनंदानं जाळतं. हॉस्पिटलात आपल्या माणसाच्या हाताला लावलेली आरएलची बाटली आठवा. रिंगर्स लॅक्टेट. ते दुखणं आणणारं विष असतं तर शिरेतून कुणी सोडलं असतं का? तिसऱ्या दिवशीचं दुखणं येतं ते उतरण्यातून. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडायचा प्रयत्न करत असतो आणि अंगाचं वजन त्याला त्याच वेळी लांब ओढत असतं. डोकी एटीपीची वाट न पाहता ओढूनच उपटली जातात. त्यात घरांच्या भिंती जागोजागी फाटतात, मग सूज, मग दुरुस्ती. गंमत अशी की ऊर्जा मात्र उतरताना कमी लागते. १९५२ मध्ये लंडनच्या ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पायडल मारायचं, दुसऱ्यानं उलट येणाऱ्या पायडलला नुसतं अडवायचं. जोर दोघांचा सारखा, पण अडवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. रॉयल सोसायटीत हे दाखवलं तेव्हा अडवायला लहानखुरी बाई बसली होती आणि पायडल मारायला धिप्पाड पुरुष. पुरुष दमून गेला. तालमीत नव्या पोराला पहिल्याच दिवशी फार बैठका मारू देत नाहीत, त्याची मांडी 'भरून' येईल म्हणून. वस्तादांचं ते शहाणपण याच उतरण्याचं. दर खेपेला खाली बसणं म्हणजे एक छोटा उतार.

बांगड्याचं राहिलं. मासा जाळ्यात फार तडफडला तर एटीपी आधीच खर्चून बसतो आणि लवकर ताठतो. आणि एटीपी संपतं म्हणजे नाहीसं होतं असं नाही. ते पायरी पायरीनं मोडत इनोसिनिक आम्लापाशी येऊन काही काळ थांबतं. हे आम्ल म्हणजे चव. जपानच्या शिंतारो कोदामांनी १९१३ मध्ये वाळवलेल्या बोनिटो माशातून ते ओळखलं. ताज्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ-कोकमाच्या खाली जी एक भरीव, जिभेवर रेंगाळणारी गोडी असते, तिच्यात त्याचा वाटा आहे. पुढे तेही मोडतं आणि हायपोझँथिन उरतं, जे कडवट लागतं. शिळ्या माशाची चव ती. त्या दिवशी दुपारी तिखलं खाताना हे मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे, आणि तरी बांगडा पूर्वीइतकाच आवडतो. थोडा जास्तच. पोहण्यासाठी साठवलेला जोर आपण चवीनं खातो, याचं मनातल्या मनात ऋण वाटतं.

हे सगळं वाचणं चालू असतानाच आईला जिना चढताना धाप लागायला लागली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. डॉक्टर चांगले, शांत. रिपोर्ट पाहून म्हणाले, "काकू, पंपिंग उत्तम आहे, साठ टक्के." आईचा चेहरा उजळला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन आहे. वयात दिसतंच. हृदय आकुंचन चांगलं पावतंय, सैल व्हायला वेळ घेतंय." माझ्या मैत्रिणींच्या आई-वडिलांच्या रिपोर्टवर हे शब्द मी कितीदा वाचले असतील. सगळे पंपिंगचा आकडा विचारतात आणि फाइल बंद करतात. मी त्या दिवशी मात्र डॉक्टरांना खूप विचारलं. त्यांनी पडद्यावरचा आलेख दाखवला. प्रत्येक ठोक्याला दोन उंचवटे. झडप उघडली की डावं निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, स्वतः सैल होत रक्त आत घेतं, तो पहिला. नंतर वरचा कप्पा आखडून उरलेलं ढकलतो, तो दुसरा. तरुणपणी पहिला उंच असतो. आईचा दुसरा उंच होता. निलयाचं सैल होणं मंदावलंय, म्हणून वरच्या कप्प्याला जास्त ढकलावं लागतंय.

हृदय दिवसाला लाखभर वेळा आखडतं हे कौतुकानं सगळीकडे सांगितलं जातं. तितक्याच वेळा ते सैल होतं, आणि त्या प्रत्येक वेळी सांडलेलं कॅल्शियम उपसून आत भरावं लागतं, हे कुणी सांगत नाही. हृदयाच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो, तो यासाठीही. वय वाढतं तसा हा पंप मंदावतो. रक्तपुरवठा कमी पडला तर आधी बिघडतं ते सैल होणं. आखडणं बिघडतं ते नंतर. 'सोडून देणं कठीण असतं' वगैरे आयुष्याचे धडे यातून काढायचा मोह होतो, पण मला ते नको आहेत. पंचाहत्तरीच्या एका बाईच्या छातीत आत्ता, या ठोक्याला, कॅल्शियमचे आयन चढ चढत आहेत, एवढीच गोष्ट मला पुरेशी मोठी वाटते.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, पापड-लोणचं बंद केलं आणि रोज चालायला सांगितलं. लोणच्यावरून आईनं दोन दिवस अबोला धरला. "पंपिंग चांगलं आहे ना, मग?" हा तिचा मुद्दा. मी तिला रापणीवरून समजावलं. ती मालगुंडची, रापण पाहत वाढलेली, तिला पटकन कळलं. म्हणाली, "म्हणजे दोर सोडून पुढे जायला माणसं कमी पडतायत." लोणचं तरीही चोरून खाते, बरणीतली पातळी मला दिसते. पुढचा इको सहा महिन्यांनी आहे. रिपोर्ट हातात आला की ती पंपिंगचा आकडा विचारेल, तो मी तिला सांगेन. मी आधी ते दोन उंचवटे शोधणार आहे.